ताबा

“बॅग भरली का तिची?” गंधे सरांनी मान वर न करता विचारलं.

“भरली. पण सर, तिला ताप आहे. रात्रभर खोकत होती. पहाटे दोनदा उलटी झाली.”

“म्हणूनच म्हणतो, लवकर निघा. घरी जाऊन आईच्या हातचं खाईल, होईल बरी.”

गंधे सर आमचे प्राचार्य. डोंगरावरच्या त्या निवासी शाळेत मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. मुली मला पाटणे मॅडम म्हणायच्या. जानेवारीतली सकाळ होती, ऑफिसच्या खिडक्यांवर अजून दव होतं. सरांच्या टेबलावर एक जांभळी, बोटाएवढी वस्तू पडली होती. मला आधी ती पेन ड्राइव्हच वाटली.

“हीच ती,” सर म्हणाले. “व्हेप म्हणतात, ई-सिगरेट. काल संध्याकाळी तिच्या कपाटात पकडली. सरकारनं बंदी घालून चार महिने झाले नाहीत आणि आपल्या होस्टेलमध्ये हे! कुणी पोलिसांत गेलं तर उद्या पेपरात नाव. अध्यक्षांशी बोललोय मी. केतकी कोरके आजपासून आपली विद्यार्थिनी नाही.”

“घरी कळवलं?”

“वडिलांना फोन झालाय. बार्शीला न्या आणि त्यांच्या ताब्यात द्या. मुलगी पालकांच्या ताब्यात गेली की आपण सुटलो. तोपर्यंत काही झालं तर शाळेवर येतं, एवढं लक्षात ठेवा.”

“निघण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवलं असतं...”

“डॉक्टर परवाच बघून गेलेत. ॲसिडिटी म्हणाले ना?” त्यांनी ती वस्तू खणात टाकली आणि खण लावून घेतला.

केतकी अकरावीला होती. उंच, हडकुळी आणि भयंकर नकलाकार. आमच्या प्रत्येक शिक्षकाची नक्कल करायची. माझीही करायची, “मुलींनो, बादल्या!” असं ओरडून. मी दाराआड उभी राहून ऐकलं होतं आणि हसू दाबत परत फिरले होते. गेल्या पंधरा दिवसांत मात्र तिनं कुणाचीच नक्कल केली नव्हती. पोटात दुखतं म्हणायची, जेवण टाकायची. मी तिला दोनदा शाळेच्या डॉक्टरांपुढे उभं केलं, दोन्ही वेळा गोळ्या मिळाल्या.

जीपमध्ये ती मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसली. गाडी चालवायला मुबारकभाई होते. फाटकाबाहेर पडताना इतर मुली वर्गात होत्या, तिला निरोप द्यायला कुणी आलं नाही. तसं सरांनी मुद्दामच ठरवलं होतं.

घाट उतरून वाई मागे पडली. मग ती एकदम म्हणाली, “बाबा काय म्हणाले?”

“माझं बोलणं नाही झालं. सर बोलले.”

“सर काय म्हणाले त्यांना?”

“जे झालं ते.”

ती खिडकीकडे तोंड करून हसली. त्या हसण्यातच खोकला आला आणि लोणंदपर्यंत तो थांबला नाही.

फलटणला मी तिला शहाळं घेऊन दिलं. दोन घोट प्यायली आणि उतरून रस्त्याच्या कडेला ओकली. मी पाठीवर हात ठेवला तर शर्टातून चटका बसावा इतकं अंग तापलेलं. श्वास घेताना गळ्याजवळचा खळगा आत ओढला जात होता. मुबारकभाई आरशातून बघत होते. त्यांच्या घरी दम्याची माणसं होती, त्यांना ते दृश्य ओळखीचं होतं.

“मॅडम, पोरगी बार्शीपर्यंत पोचायची नाही अशी,” ते हळूच म्हणाले.

नातेपुते ओलांडलं तेव्हा तिचे ओठ काळसर दिसायला लागले. मी सरांना फोन लावला.

“सर, तिला श्वास घेता येत नाहीये. अकलूज जवळ आहे, तिथं दवाखान्यात नेते.”

“पाटणे बाई, ऐका. अकलूजहून बार्शी किती लांब आहे? दीडेक तास. घरी पोचवा, पुढचं आईवडील बघतील.”

“दीड तास ती काढेल असं मला वाटत नाही.”

“तुम्ही डॉक्टर आहात का? दवाखान्यात नेलंत तर तिथं कागदावर शाळेचं नाव लागणार. ॲडमिट कुणी केलं, म्हणून सही कुणाची? तुमची. म्हणजे शाळेची. सही करायची नाही, समजलं? सही केलीत तर परत यायची तसदी घेऊ नका.”

मी फोन बंद केला. मुबारकभाईंनी विचारलंही नाही. त्यांनी हेडलाइट लावले आणि हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

अकलूजच्या त्या खासगी दवाखान्यात खिडकीमागच्या मुलीनं फॉर्म पुढे सरकवला. “पेशंटचं नाव? वय? तुम्ही कोण लागता?”

“मी तिची...” मी अडखळले. आतून केतकीचा घरघरणारा श्वास ऐकू येत होता. “पालक,” मी म्हटलं. “आत्ता मीच पालक आहे.” आणि सही केली.

डॉक्टर तरुण होत्या, डॉ. इनामदार म्हणून. एक्स-रे उजेडापुढे धरून त्यांनी दोनदा पाहिला.

“दोन्ही फुप्फुसं पांढरी झालीत. किती दिवस आजारी आहे?”

“पंधरा दिवस.”

“आणि औषध?”

मी गोळ्यांची पाकिटं दिली. त्यांनी ती उलटून बघितली, बाजूला ठेवली. “ही सिगरेट वगैरे ओढते? खरं सांगा. मी पोलीस नाही.”

“व्हेप,” मी म्हटलं. “काल पकडली तिला.”

डॉक्टरांचा चेहराच बदलला. “हे तुमच्या डॉक्टरांना माहीत होतं?”

“त्यांना कसं माहीत असणार? कालपर्यंत आम्हालाच माहीत नव्हतं.”

“बाहेरच्या देशांत गेल्या वर्षभरात अशा केसेस झाल्यात. मी वाचलंय फक्त, पाहिलेली नाही. स्टेरॉइड सुरू करते. पण आत काय भरलं होतं ते कळलं तर बरं. ती वस्तू कुठाय? निदान फोटो तरी मागवा.”

मी पुन्हा सरांना फोन लावला. “सर, डॉक्टरांना ती वस्तू बघायचीय. फक्त एक फोटो पाठवा. तिच्या जिवाचा प्रश्न आहे.”

अगदी सावकाश, जणू शेजारी बसलेल्या कुणाला ऐकवावं तसं ते म्हणाले, “कसली वस्तू, पाटणे बाई? आपल्याकडे असलं काही सापडलेलं नाही.”

डॉक्टरांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. त्या आत गेल्या.

केतकीला ऑक्सिजनचा मास्क लावला होता. तासाभरानं तिला थोडं बरं वाटलं असावं, कारण तिनं मला बोटांनी जवळ बोलावलं. मास्क थोडा उचलून म्हणाली, “मॅडम, मला पकडलं नाही.”

“बोलू नको.”

“मला नाही पकडलं. मीच दिली.”

“काय दिलीस?”

“ती जांभळी. सरांना. दिवाळीच्या सुट्टीवरून आल्यावर.” एकेक वाक्य झालं की ती थांबायची. मी मास्क लावायची, ती पुन्हा काढायची. “सर म्हणाले होते ना प्रार्थनेत, काही अडचण असली तर माझं दार उघडं आहे. मी गेले. म्हटलं, सर, मला सुटत नाहीये. सकाळी हात थरथरतात. मला मदत करा, पण बाबांना सांगू नका.”

“मग?”

“शाबास म्हणाले. पाठ थोपटली. म्हणाले, हे तुझ्यामाझ्यात, रेक्टरनाही सांगू नको, मी बघतो काय करायचं ते.” तिनं डोळे मिटले. “मी वाट बघितली. रोज वाटायचं, आज बोलावतील. एकदा व्हरांड्यात समोर आले, तर म्हणाले, अभ्यास कसा चाललाय.”

“आणि तू...?”

“मला नाही जमलं, मॅडम. आठ दिवस काढले. मग एकीकडून दुसरी घेतली. स्वस्तातली. त्यानंतर हे सुरू झालं.”

“काल तुझ्या कपाटात सापडली ती?”

“कपाटात काहीच नव्हतं. दुसरी काळी होती, ती मी आजारी पडल्यावर टाकून दिली. सरांनी तुम्हाला कुठली दाखवली?”

टेबलावर जांभळी होती. अडीच महिने ती त्या खणात होती. परवा एक पालक येऊन होस्टेलमध्ये व्हेप चालतं म्हणून आरडाओरडा करून गेले होते, आणि सरांना कुणीतरी पकडलेलं दाखवायचं होतं.

“बाबांना सांगा,” ती म्हणाली. “मला पकडलं नाही, मी दिली. एवढंच सांगा.”

“तूच सांग. मघाशी तुझ्या आईला फोन केलाय मी, दोघं निघालेत.”

दुपारी बार्शीहून तिचे आईवडील आले. बाहेर गाडीचं दार आपटलं आणि केतकीनं डोळे उघडले. आई धावतच आत आल्या. साडीचा पदर तोंडावर धरून त्यांनी मुलीचे पाय घट्ट धरले. केतकी त्यांच्याकडे बघत होती आणि त्यांच्या मागे दाराकडेही.

“बाबा?” तिनं मला विचारलं.

“गाडी लावतायत,” मी म्हटलं.

गाडी केव्हाच लागली होती. बाहेर येऊन पाहिलं तर तिचे वडील लिंबाच्या झाडाखाली उभे होते. बार्शीत त्यांचं शेतीच्या पंपांचं दुकान होतं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, चेहरा दगडासारखा.

“कोरके साहेब, आत चला.”

“तिची आई गेलीय ना.”

“तुम्हीही चला.”

“मॅडम, सकाळी सहाला तुमच्या सरांचा फोन आला. तुमची मुलगी नशा करताना सापडली, असं म्हणाले. मी दुकानाच्या पायरीवर बसलो खाली. चारचौघांत मान वर करून बोलायचो मी, माझी पोरगी डोंगरावरच्या शाळेत शिकतीय म्हणून. आत्ता आत गेलो तर माझ्या तोंडून काय निघंल, मला माहीत नाही. आधी बरी होऊ द्या तिला.”

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी पाठ फिरवली, पण शब्द ऐकू येत होते.

“होय सर... होय... पोलीस नको सर, धाकटी मुलगी आहे मला... सकाळीच ताबा घेतला, असंच सांगायचं ना? सांगतो. मॅडम आमच्या विनंतीवरून सोबत आल्या. होय, सांगतो.”

त्यांनी फोन खिशात ठेवला. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“तुम्ही ताबा घेतलेला नाही. तुम्ही अजून तिला पाहिलेलंही नाही. आणि ती सापडली नाही, कोरके साहेब. ती स्वतः गेली होती. दिवाळीनंतर. सरांच्या हातात ते व्हेप देऊन म्हणाली, मला सोडवा यातून. त्यांनी ते खणात टाकलं आणि अडीच महिने गप्प बसले. ना मला सांगितलं, ना डॉक्टरांना.”

“स्वतः दिली?”

“स्वतः.”

“तिनं?”

“तिनंच सांगितलं मला. आत्ता, आत.”

ते पायऱ्यांकडे वळले. आधी चालत, मग जवळजवळ पळत. पण तोवर आत गडबड उडाली होती. परिचारिकेनं दार लोटून घेतलं होतं. केतकीचा श्वास पुन्हा कोसळला होता आणि डॉ. इनामदार तिच्या घशात नळी घालत होत्या. दार उघडलं तेव्हा तिला गुंगीचं औषध दिलेलं होतं. कोरके तिच्या डोक्याजवळ जाऊन उभे राहिले आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिले.

त्याच संध्याकाळी तिला अँब्युलन्समधून सोलापूरला नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. नळी काढता आलीच नाही, त्यामुळे त्यानंतर ती एक शब्दही बोलली नाही.

मी शाळेत परतले ते सामान आणायला. खोलीला दुसरं कुलूप होतं. सामान फाटकावर आणून ठेवलं होतं.

मार्चच्या सुरुवातीला शिक्षण खात्यानं चौकशी लावली. तोवर संस्थेचे लोक कोरक्यांच्या घरी जाऊन आले होते. भावकीतल्या वडीलधाऱ्यांना सोबत नेलं होतं. धाकटीचं लग्न, गावातली अब्रू, मेलेल्या पोरीची बदनामी कशाला, असं सगळं बोलणं झालं होतं. कोरक्यांनी त्यांना हवा तसा जबाब लिहून दिला होता. मला हे चौकशीच्या सकाळी कळलं.

साताऱ्याच्या त्या हॉलमध्ये अधिकारी बाई मधोमध बसल्या होत्या. एका बाजूला गंधे सर आणि संस्थेचे वकील. मी घडलं ते सांगितलं, काही न गाळता. सर माझ्याकडे बघत नव्हते. मी त्यांना नेहमी भित्रा माणूस समजत आले होते, त्या दिवशी ते अजिबात भ्यालेले दिसत नव्हते.

वकील उठले. “मुलगी शाळेत असते तोवर शाळा आईवडिलांच्या जागी असते, हे आम्हाला मान्य आहे. कायदा तसंच म्हणतो. पण त्या दिवशी सकाळी मुलीचा ताबा वडिलांनी घेतला होता. त्यानंतर जे झालं, त्याला शाळा कशी जबाबदार? आणि मुलीनं ती वस्तू आधी दिली होती, हे फक्त या बाई सांगतात. त्यांना कामावरून काढलंय, त्यांचा राग आम्ही समजू शकतो. वडिलांचा जबाब समोर आहे. ते स्वतः हजर आहेत, त्यांना विचारा.”

कोरके उभे राहिले. दोन महिन्यांत माणूस निम्मा झाला होता.

“हा जबाब तुमचाच ना?” अधिकारी बाईंनी विचारलं.

“सही माझी आहे.”

“मजकूर बरोबर आहे?”

मागच्या खुर्चीवर त्यांचे चुलतभाऊ खाकरले. कोरक्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघितलं.

“नाही, बाई. खोटा आहे. मी सकाळी बार्शीत होतो. ताबा घेतला नाही. दुपारी अकलूजला गेलो तेव्हासुद्धा घेतला नाही. या मॅडमनी पालक म्हणून सही केली, ती माझी सही असायला पाहिजे होती.” त्यांचा आवाज फाटला, पण ते थांबले नाहीत. “माझी पोरगी नशा करत होती. लिहून घ्या, सगळ्यांना कळू द्या. ती नशा करत होती आणि तिला ती सोडायची होती. ती आमच्याकडं आली नाही, कारण ती मला भीत होती. या सरांकडं गेली, कारण हे भिऊ नका म्हणाले होते. ह्यांनी माझ्या पोरीला अडीच महिने वाट बघायला लावलं.”

“याला पुरावा काय?” वकील म्हणाले.

“तिची आई,” कोरके म्हणाले. “दिवाळीनंतर तिनं आईला फोनवर सांगितलं होतं, सरांना एक गोष्ट सांगितलीय, आता सगळं नीट होईल. कसली गोष्ट, ते सांगितलं नाही. तिची आई बाहेर बसलीय. मीच तिला बोलू देत नव्हतो. आता विचारा.”

मग केतकीच्या आईंना आत बोलावलं गेलं आणि त्यांनीही तेच सांगितलं.

चौकशीचा निष्कर्ष शाळेच्या विरोधात गेला. मुलीनं विश्वासानं सांगितल्यावर तिच्यावर उपचार करणं आणि पालकांना कळवणं शाळेला बंधनकारक होतं, आजारी मुलीला काढून टाकून ती जबाबदारी संपत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. गंधे सरांना पद सोडावं लागलं. दोन वर्षांनी ते दुसऱ्या जिल्ह्यात एका शाळेचे सल्लागार झाल्याचं ऐकलं. कोर्टातला खटला अजून चालू आहे. शाळाही चालू आहे. मला पुन्हा कुठल्या वसतिगृहात काम मिळालं नाही. आता कराडला घरीच मुलांच्या शिकवण्या घेते.

पण मला आठवतो तो त्या दिवशीचा शेवट. हॉलमधून बाहेर पडले तर कोरके आवारातल्या कट्ट्यावर एकटेच बसले होते. त्यांचे चुलतभाऊ त्यांना न घेताच निघून गेले होते. मी जाऊन जरा अंतरावर बसले.

“मॅडम,” ते म्हणाले, “एक विचारू? मी झाडाखाली उभा होतो तेव्हा ती शुद्धीत होती का? तिची आई म्हणते, नव्हती. डोळे मिटलेले होते म्हणते.”

‘नव्हती’ म्हणणं सोपं होतं. तिच्या आईनं ते प्रेमापोटी म्हटलं होतं, मलाही म्हणता आलं असतं. पण आत्ताच हा माणूस सगळ्या भावकीसमोर खरं बोलून बाहेर आला होता.

“शुद्धीत होती,” मी म्हटलं. “तुमच्या गाडीचा आवाज तिनं ओळखला. बाबा कुठायत, असं विचारलं मला.”

“तुम्ही काय सांगितलं?”

“गाडी लावतायत, म्हटलं.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

“मग तिला वाटलं असणार,” ते म्हणाले, “आत्ता येतील.”

“हो,” मी म्हटलं. “दाराकडेच बघत होती.”